झॉर्नचा रेनान: एका प्लेटच्या नोंदी

६ डिसेंबर

फेब्रुवारीअखेर विद्यार्थ्यांसाठी मुद्राचित्रांचं छोटं प्रदर्शन आहे. त्यात एक भिंत अभ्यासप्रतींची: जुन्या उस्तादाची एक प्लेट घ्यायची, ती आपल्या हाताने पुन्हा करून बघायची आणि छापासोबत चार ओळींची पाटी लावायची. मी स्वीडिश कलावंत अँडर्स झॉर्नचं १८९२ सालचं एचिंग घेतलं (तांब्याच्या प्लेटवर सुईने रेषा काढून, त्या रसायनाने कोरून घेतलेला छाप), फ्रेंच पंडित एर्नेस्ट रेनानचं व्यक्तिचित्र. सरांनी विचारलं, "एवढं अवघड कशाला घेतेस?" मी म्हटलं, "सर, वर्षानुवर्षं या छापासमोर थांबत आलेय, आता आत शिरायचंय."

व्यक्तिचित्र म्हटलं की आपण उभी प्लेट धरतो, चेहरा वरच्या भागात मध्यावर. ही प्लेट आडवी आहे, सुमारे २३ बाय ३४ सेंटीमीटर. चेहऱ्याच्या वाट्याला त्यातली फार थोडी जागा येते. बाकी सगळं टेबल, कागद, ग्रंथांचे ढीग आणि त्यांच्यामध्ये बसलेला एक अवजड म्हातारा माणूस. मान खांद्यांत गेलेली, पांढरे लांब केस मागे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला रेनान वारला, म्हणजे चित्र अखेरच्या महिन्यांतलं आहे. मला त्यात सगळ्यात जास्त ओढतो तो त्याचा कोट. पोटाशी आणि मांडीशी त्या काळ्याला जो भार आहे, तो मोजक्या समांतर रेषांतून कसा उभा राहिला हे हाताने कळून घ्यायचंय.

९ डिसेंबर

पाटीसाठी वाचन सुरू केलं. रेनानचा जन्म २८ फेब्रुवारी १८२३, फ्रान्सच्या ब्रिटनी भागात, त्रेगिए या गावात. बाप दर्यावर्दी, मुलगा पाच वर्षांचा असताना गेला. घर भाविक, पोरगा हुशार, तेव्हा तो पाद्री होणार हे जवळजवळ ठरलेलंच. पॅरिसच्या सेंट सल्पिस सेमिनरीत तो हिब्रू शिकला आणि तिथेच गाडी अडली. मूळ भाषेत बायबल वाचताना त्याला एकेका पुस्तकावर वेगवेगळ्या काळांतले हात दिसू लागले. ऑक्टोबर १८४५ मध्ये त्याने सेमिनरी सोडली.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याची श्रद्धा तत्त्वज्ञानाच्या वादात गेली नाही. व्याकरण वाचता वाचता गेली. टेबलावरचे हे ग्रंथ झॉर्नने सजावटीसाठी मांडलेले नाहीत. या माणसाचं जे काही झालं ते या कागदांमुळेच झालं.

फेब्रुवारी १८६२ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये हिब्रूच्या अध्यासनावरून त्याने पहिलं व्याख्यान दिलं. त्यात येशूचा उल्लेख 'अतुलनीय माणूस' असा केला. माणूस! सभागृहात गोंधळ झाला आणि काही दिवसांतच सरकारने व्याख्यानं थांबवली. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याचं येशूचं चरित्र आलं. चमत्कार बाजूला ठेवून, गॅलिलीतल्या एका माणसाची गोष्ट सांगावी तसं लिहिलेलं. हजारो प्रती हातोहात खपल्या, भाषांतरांची रांग लागली, आणि ऑगस्टपर्यंत रोमने ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं. १८६४ मध्ये अध्यासनही गेलं. त्याऐवजी ग्रंथालयातली जागा देऊ केली होती, ती त्याने नाकारली. नेपोलियन तिसऱ्याचं साम्राज्य कोसळल्यावर १८७० मध्ये अध्यासन परत मिळालं, १८८३ पासून तो त्याच संस्थेचा प्रमुख झाला आणि तिथल्याच निवासस्थानी त्याने प्राण सोडला.

१४ डिसेंबर

आज फक्त रेषा वाचल्या. संग्रहालयाने उपलब्ध करून दिलेली मोठी प्रतिमा पडद्यावर तुकड्यातुकड्याने बघत बसले. (शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये झॉर्नच्या छापांचा मोठा साठा आहे.)

पहिली गोष्ट: बाह्यरेषा जवळपास नाहीच. कोट कुठे संपतो आणि मागचा अंधार कुठे सुरू होतो हे रेष सांगत नाही. रेषांची दाटी बदलते, तेवढ्यावर डोळा समजून घेतो. तिरप्या, लांब, झपाट्याने ओढलेल्या रेषांचे गठ्ठे आहेत आणि ते वस्तूच्या हद्दी पाळत नाहीत. एकच गठ्ठा पार्श्वभूमीतून निघून खांद्यावरून थेट पुढे जातो.

दुसरी: प्रकाश म्हणजे कोरा कागद. केसांत आणि कागदांच्या कडांवर झॉर्नने काहीही केलेलं नाही. सोडलेली जागा हेच तिथलं काम.

तिसरी: डोळे. मी खूप जवळ गेले. तिथे थोड्या तुटक खुणा आहेत, बस्स. चार पावलं मागे आलं की नजर दिसते, पण ती नजर काय म्हणते ते मला सांगता येत नाही. थकवा म्हणावा तर आहे. तुच्छता शोधणाऱ्याला तीही सापडेल. एवढ्या गाजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर झॉर्नने स्वतःचं मत लिहून ठेवलेलं नाही, आणि मला वाटतं त्याने ते ठरवून टाळलं.

१९ डिसेंबर

झॉर्नबद्दल थोडक्यात. जन्म १८६०, स्वीडनमधलं मोरा. एचिंग शिकला लंडनमध्ये, १८८२ मध्ये, आपल्याच देशाच्या आक्सेल हेग या कलावंताकडून. १८८८ पासून काही वर्षं मुक्काम पॅरिसला. रेम्ब्राँचा भक्त, त्याची एचिंग्ज स्वतः जमवणारा. आयुष्यात अडीचशेहून जास्त प्लेट्स केल्या. कवी व्हर्लेन, शिल्पकार रोदाँ, नाटककार स्ट्रिंडबर्ग, अमेरिकेचे अध्यक्ष, सगळे त्याच्या सुईखालून गेले. रेनानचं चित्र केलं तेव्हा वय जेमतेम बत्तीस.

त्याच साली फ्रेंच चित्रकार लेऑं बोनाने रेनानचं तैलचित्र केलं. काळी पार्श्वभूमी, समोरासमोर बसलेला रेनान, हात गुडघ्यांवर, प्रकाश थेट चेहऱ्यावर. ताकदीचं चित्र आहे, पण ते दरबारात बसवल्यासारखं. बोनाच्या चित्रात पुस्तकं नकोत, माणूस पुरे. झॉर्नच्या प्लेटमधून पुस्तकं काढली तर माणूसच कोसळेल, इतका तो त्यांच्यात रुतलाय.

२१ डिसेंबर

प्लेटची तयारी. तांबं घेतलं, जस्त नको. जस्तावर एवढ्या दाट रेषा जवळजवळ आल्या की मधला धातूही खाल्ला जातो आणि काळ्याच्या जागी राखाडी डाग येतो. कडा चाळीस-पंचेचाळीस अंशांत कानशीने उतरवल्या, नाहीतर प्रेसवर कागद कापतो आणि फेल्टही. व्हायटिंग पावडर (खडूची पूड) आणि व्हिनेगरने तेलकटपणा काढला. पाणी प्लेटवर एकसंध पसरायला हवं, कुठेही फाटता कामा नये. गरम तव्यावर हार्ड ग्राउंडची (रसायन अडवणाऱ्या मेणासारख्या लेपाची) गोळी फिरवून रोलरने पातळ थर दिला, मग प्लेट उलटी टांगून मेणबत्तीच्या काजळीने काळी केली. आता सुई लागली की तांबं लखलखतं. अडचण एवढीच की हातात जे दिसतं ते छापाच्या बरोबर उलट: काळ्यावर उजळ रेष. डोळ्याला हे वळण लावावं लागतं.

रेखाटन ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलने केलं होतं. कागद किंचित दमट करून पेन्सिलची बाजू खाली, आणि हलक्या दाबाने प्रेसमधून फिरवलं. शिसं ग्राउंडवर उतरलं आणि चित्र आपोआप उलटं झालं, त्यामुळे छाप सुलटा येईल. फक्त ठिकाणं उतरवली: डोकं कुठे, टेबलाची कड कुठे, ढीग कुठे. रेषा उतरवल्या नाहीत. झॉर्नची रेष गिरवायला घेतली की ती मरते.

२८ डिसेंबर

सुट्टीमुळे स्टुडिओ बंद. हेन्रिएटबद्दल वाचलं.

रेनानची मोठी बहीण, बारा वर्षांनी थोरली. वडिलांमागे घराचं कर्ज तिने शिकवण्या करून फेडलं, त्यासाठी पोलंडमध्ये वर्षानुवर्षं राहिली. भावाने सेमिनरी सोडली तेव्हा त्याच्या हातात पैसे ठेवणारी तीच. १८६० मध्ये नेपोलियन तिसरा याने रेनानला फिनिशियाच्या प्राचीन अवशेषांच्या शोधमोहिमेवर पाठवलं, म्हणजे आजच्या लेबनॉनकडे, तेव्हा ती हिशेब आणि लेखनिकाचं काम सांभाळायला सोबत गेली. तिथल्या गझीर गावी त्याने येशूचरित्राचा पहिला खर्डा लिहिला. जवळ फार पुस्तकं नव्हती. तो पानं लिहायचा, ती सुवाच्य नक्कल करायची. मग दोघांना एकदमच ताप चढला. २४ सप्टेंबर १८६१ रोजी, प्राचीन बिब्लोसजवळच्या अमशीत गावी ती गेली. तो तापात बेशुद्ध होता, शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं. पुस्तक तिच्या आत्म्याला अर्पण केलेलं आहे.

ज्या पुस्तकाने अर्ध्या युरोपचा संताप ओढवून घेतला, ते एका बहिणीच्या हस्ताक्षरातून गेलेलं आहे. धर्म बुडवायला निघालेल्या नास्तिकाचं पुस्तक म्हणून त्याच्यावर तुटून पडले, पण अर्पणपत्रिकेपासूनच त्यात शोक भरलेला आहे. गॅलिलीच्या डोंगरांची वर्णनं इतकी हळवी का, हे मला आज कळलं.

५ जानेवारी

सुईचं काम. आधी पार्श्वभूमी, मग कोट, मग पुस्तकं, चेहरा अगदी शेवटी. सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "मनगट कशाला हलवतेस? खांद्यातून ओढ. आणि रेष मोजू नकोस, वजन बघ."

खांद्यातून ओढायला लागले आणि फरक पडला. रेषेला सुरुवातीला वेग येतो, शेवटी ती आपोआप निमुळती होते. कोटाच्या गठ्ठ्यात काही रेषा एकमेकींना अगदी बारीक कोनात छेदतात. त्यामुळे जाळी होत नाही, पण काळोख गडद होतो. काटकोनात छेदल्या असत्या तर तारेची चाळण दिसली असती.

टेबलावरचे कागद मला वाटलं होतं त्याहून कठीण निघाले. एकावर एक पडलेल्या पानांच्या कडा फक्त सावलीने दाखवायच्या. रेनानने १८६७ मध्ये सेमिटिक (हिब्रू, अरबी यांच्या भाषाकुळातल्या) शिलालेखांच्या प्रचंड संग्रहाचं काम सुरू केलं. ठसे, नकला, मुद्रितं असा पसारा त्याच्या आयुष्यभर चालला. तो पसारा इथे आहे अशा समजुतीने मी प्रत्येक कड ओढली.

११ जानेवारी

बाइट, म्हणजे रसायनाने रेषा खाऊन घेणं. फेरिक क्लोराइड, चाळीस बॉमेच्या (द्रावणाच्या घनतेचं माप) आसपास. सकाळी गारठा होता, थंडीत फेरिक आळसावतं, म्हणून ट्रे कोमट पाण्याच्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवला. प्लेट तोंड खाली करून, कोपऱ्यांवर टेकू देऊन. तोंड वर ठेवलं तर तांब्याचा गाळ रेषेतच बसतो आणि खोली वाढत नाही.

पहिली दहा मिनिटं सगळ्या रेषांना. मग धुऊन, वाळवून चेहरा आणि केसांभोवतीच्या बारीक रेषा स्टॉप-आउट व्हर्निशने (रसायन अडवणाऱ्या रोगणाने) झाकल्या. पुन्हा वीस मिनिटं. मग पुस्तकं झाकली. कोट आणि टेबलाखालचा अंधार तेवढा उरला, त्याला आणखी पाऊण तास. मध्ये मध्ये प्लेट काढून सुईच्या टोकाने रेषेची खोली चाचपायची. टोक अडकायला लागलं की समजायचं.

हे क्रमवार झाकणं म्हणजे निर्णयांची साखळी आहे. कोणाला किती वेळ आम्लात ठेवायचं हे इथे ठरतं, आणि या चित्रात सर्वांत कमी वेळ चेहऱ्याच्या वाट्याला येतो.

१२ जानेवारी

पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप. कोट आला! मांडीशी तो भार आहे. केस उजळ. मात्र डोक्यामागचा अंधार अजून हलका, त्यामुळे मान खांद्यांत शिरत नाही. तिथे दुसरा ग्राउंड लावून रेषा वाढवायच्या. चेहऱ्याला हात लावायचा नाही.

१८ जानेवारी

वसईची मैत्रीण स्टुडिओत आली. जन्माने, मनाने कॅथलिक, चर्चच्या वाचनमंडळात काम करणारी. प्रूफ वाळायला लावला होता, त्यापुढे उभी राहिली. कोण आहे हे मी सांगितलं नव्हतं.

"कुठले गं हे फादर?"

मी नाव सांगितलं. तिला ते ऐकून माहीत होतं. जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण बसलेत अगदी आमच्या जुन्या फादरांसारखे. प्रवचन संपवून आत येऊन टेकतात ना, तसे."

तिला मी सांगितलं की तिने बरोबर ओळखलं. रेनानने १८८३ च्या आपल्या आठवणींत स्वतःला अर्धवट राहिलेला पाद्रीच म्हटलंय. सेमिनरी सुटली, पण तिथली शिस्त, मृदू बोलणं, बसण्याची ढब सुटली नाही. पोशाखही काळाच. तिने विचारलं, "मग त्याचं वाचून तुझ्या मनात काय आलं?" मी म्हटलं, त्याच्या येशूवर त्याचं अपार प्रेम होतं असं वाटतं. ती म्हणाली, "प्रेम असेल. पण आम्ही ज्याच्यापुढे गुडघे टेकतो त्याला कोणी 'गोड माणूस' म्हटलं तर लागतंच. तेही लिही."

हे मी इथे लिहून ठेवते, कारण पाटीत ते यायला हवं. १९०३ मध्ये त्रेगिएच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात रेनानचा पुतळा उभारला, मागे अथेना देवी. पंतप्रधान एमिल कोंब स्वतः हजर होते, लेखक अनातोल फ्रान्सने भाषण केलं, बंदोबस्त कडक, घोषणा आणि शिट्ट्या. पुढच्याच वर्षी गावातल्या कॅथलिकांनी प्रायश्चित्त म्हणून क्रूसाचं शिल्प उभारलं. सरकारी बाजूने तो पुतळा चर्चला टोचायलाच उभा केला होता, हे मान्य करायला हवं. दोन्ही स्मारकं आजही तिथे आहेत. जखम दोन्हीकडे खरी होती.

(झॉर्नने १९०६ मध्ये अनातोल फ्रान्सचंही एचिंग केलं. पुढच्या वर्षी ते घ्यावं का?)

२५ जानेवारी

आजचं वाचन जड गेलं. रेनानची दुसरी बाजू.

१८५५ च्या सेमिटिक भाषांच्या इतिहासात त्याने सेमिटिक वंशाला इंडो-युरोपीय वंशापेक्षा हलकं ठरवलं. भाषेच्या घडणीवरून माणसांच्या बुद्धीची कुवत काढली. ज्या हिब्रूने त्याला मोकळं केलं, ती बोलणाऱ्यांबद्दल हे लिहिलं. मार्च १८८३ मध्ये सोर्बोनमध्ये त्याने 'इस्लाम आणि विज्ञान' या विषयावर व्याख्यान दिलं: इस्लाम विज्ञानाच्या आड येतो, अरबांचं म्हणतात ते विज्ञान मुळात अरबांचं नव्हतंच, असा सूर. त्याला उत्तर दिलं मुस्लिम विचारवंत जमालुद्दीन अफगाणी यांनी, जे त्याआधी काही वर्षं हैदराबादेत राहून गेले होते. पॅरिसच्याच वर्तमानपत्रात ते छापून आलं. अफगाणींचा रोख असा: धर्माने विचाराला अडवणं ही एकट्या इस्लामची गोष्ट नाही, ख्रिस्ती समाज त्यातून बाहेर पडत गेला, मग मुसलमान समाज पडणार नाही असं का धरायचं? दुसऱ्याच दिवशी रेनानने उत्तर छापलं आणि अफगाणींच्या बुद्धीची वाखाणणी केली, पण वंशाचा चष्मा काढला नाही.

आणि याच माणसाने ११ मार्च १८८२ रोजी सांगितलं की राष्ट्र वंशाने, भाषेने किंवा धर्माने बनत नाही, ते रोजच्या रोज होणारं सार्वमत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरच्या आपल्या ग्रंथात राष्ट्र म्हणजे काय हे तपासताना याच रेनानची वचनं आधाराला घेतली आहेत. म्हणजे हा माणूस आपल्या वाचनात फार पूर्वीपासून आहे, चेहरा तेवढा ओळखीचा नव्हता.

त्याच्या वंशविचाराला त्याचा काळ ही सबब मला पुरेशी वाटत नाही. अफगाणीही त्याच काळातले होते आणि त्यांनी तिथल्या तिथे प्रतिवाद केला. पाटीत हे जाईल.

२ फेब्रुवारी

डोक्यामागे नव्या रेषा, पुन्हा बाइट. आता मान खाली गेली. टेबलाच्या पुढच्या कडेवर एक गठ्ठा जरा जास्तच काळा होता, तो बर्निशरने (धातू घासून गुळगुळीत करायच्या हत्याराने) तेल लावून दाबून उतरवला. सरांनी भिंगाखाली बघितलं, "थांब आता," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

१५ फेब्रुवारी

छपाई. सुती कागद रात्रीच भिजत घातला होता, सकाळी ब्लॉटिंगमध्ये दाबला. काळ्या शाईत थोडा जळका तपकिरी. निव्वळ काळ्याने कोट लोखंडी दिसतो. प्लेट कोमट ठेवून शाई भरली, टार्लटनने (विरळ, ताठ कापडाने) गोल गोल पुसली, शेवटी तळहाताला व्हायटिंग लावून केस आणि कागदांच्या जागा स्वच्छ केल्या. बाकी प्लेटवर शाईचा पातळ पदर राहू दिला. त्याने खोलीतली हवा येते.

छाप चांगले आले. सगळ्यांत मला आवडलेला तो, ज्यात कोटाचा खालचा भाग आणि टेबल एकमेकांत मिसळून गेलेत. तोच भिंतीवर जाईल.

१९ फेब्रुवारी

पाटी. जागा चार ओळींची, मी सहा मागून घेतल्या. शेवटचा मजकूर असा:

'एर्नेस्ट रेनान (१८२३–१८९२), हिब्रूचा पंडित. पाद्री होण्यासाठी शिकला, मूळ बायबल वाचून मार्ग सोडला. येशूला माणूस म्हणून पाहणाऱ्या त्याच्या चरित्राने लाखो वाचक जोडले आणि लाखो भाविकांना दुखावलं. त्याची बहीण हेन्रिएट हिने त्या पुस्तकाची नक्कल केली आणि ते छापण्याआधीच ती गेली. सेमिटिक लोकांना आणि इस्लामला त्याने वंशाच्या तराजूत हलकं ठरवलं, त्याला जमालुद्दीन अफगाणींनी त्याच्या हयातीतच उत्तर दिलं. मूळ एचिंग: अँडर्स झॉर्न, १८९२. ही अभ्यासप्रत आहे.'

वसईच्या मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं. तिने 'लाखो भाविकांना दुखावलं' हे आधी घे म्हणून सुचवलं. मी क्रम तसाच ठेवला, कारण पुस्तक आधी वाचलं गेलं, मग दुखणं झालं. ती म्हणाली, ठीक आहे, पण उद्घाटनाला मी येणार आणि मुलांशी यावर बोलणार. नक्की ये म्हटलं.

छाप ब्लॉटिंगमधून काढून शुक्रवारी फ्रेमला द्यायचे. काचेमागे माउंट रुंद हवा, खालची बाजू जास्त. प्लेटच्या दाबाची कड झाकली जाता कामा नये, हे फ्रेमवाल्याला आधीच सांगायचं.